लाल दोऱ्याचा वेल

अहमदपूरजवळच्या माळावर रानमुगाच्या जातकुळीचा तो वेल मी प्रथम पाहिला, तेव्हा त्याची आठच झाडे होती. फूल पिवळे, त्याची चोच एका बाजूला वळलेली. जमिनीखाली चरख्याच्या चातीसारखा कंद. शास्त्राला ही जात अज्ञात होती. लातुरात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून अठ्ठावीस वर्षे झाली, पण नाव देण्याचा योग पहिलाच. कंदावाचून वर्णन अपुरे, म्हणून सात वेल मुळासकट काढून कागदांत दाबले. आठवा पिकल्या शेंगांसाठी राखला. बी पाहिल्याशिवाय वर्णन छापू नये, या मतासाठी मी अनेकांशी भांडलो आहे. गवतात वेल पुन्हा सापडावा म्हणून त्याला लाल दोरा बांधला.

वेल दाखवला होता शेजारच्या शेतातील रत्नम्मांनी. नाव त्यांचेच द्यायचे मी ठरवले.

“माझं? त्या वाळल्या पाल्याला?” त्या हसल्या. “सर, जित्या माणसाचं नाव मढ्याला देत न्हाईत.”

“नाव सगळ्या जातीला असते, रत्नम्मा. माळावरच्या जिवंत वेलालासुद्धा.”

“मग त्यो हाय तवर चालंल.”

आठवड्याने परतणार होतो. परंतु ही स्वतंत्र जातच नव्हे, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला उत्तर लिहिण्यात बावीस दिवस गेले.

माळावर आठ खड्डे होते. आठव्याच्या काठाला हळद आणि तांदूळ.

रत्नम्मा ओसरीवर बसल्या होत्या. आत त्यांची नात कण्हत होती.

“दोरा बांधून गेलात, अन् आलाच न्हाईत,” त्या म्हणाल्या. “दोरा म्हंजी औषधाच्या मुळीला आवतण. सांजच्याला बांधायचा, सकाळी उपटायची. बोलवून तशीच ठिवली, तर ती घरातलं माणूस मागती. नऊ दिस तुमची वाट बघितली. मग पोरीला ताप भरला. म्यांच काढली.”

“ताप उतरला?”

“न्हाई.”

त्यांनी फडके सोडले. सुकलेला कंद, दोरा आणि दोन शेंगा. एक मी चिमटीत दाबली. बिया भरल्याच नव्हत्या.

“दुसरा वेल कुठे दिसतो?”

“इथं आठच हुते. सर, माझं नाव खोडा.”

टिपणवही पिशवीत होती. वरच्या ओळीत त्यांचे नाव, बियांपुढची जागा कोरी. नाव अजून छापले नव्हते. वही गुडघ्यावर ठेवून नाव खोडले.

आतले कण्हणे थांबले. रत्नम्मा माझ्याकडे पाहत राहिल्या. आत जायला त्या उठेनात.