शहजादीच्या रक्तातले

"जहर नाही निघालं, गुलनारबी."

डॉक्टर धर्मपाल तायड्यांनी हे शक्य तितक्या हळू सांगितलं, तरी गुलनारबीचं तोंड उतरलं. मेलेली गाभण बकरी शहजादी बोरगाव मंजूहून ऑटोत घालून तिने अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आणली होती, ती शेजारचा खुशालराव जेलात जावा म्हणून.

"नीट पाहा साब. शहजादीनं त्याचे वांगे खाल्ले होते. त्याचंच काम हाय."

"रक्तात जंत होते तिच्या. नाल्याच्या पाण्यातून कातडीत घुसतात."

जंताला जेल होत नाही.

"जित्ते हायेत?"

"हायेत."

"मंग मारा. माह्यासमोर."

नमुन्यांवर औषध सोडून पाहायचंच होतं. डॉक्टरांनी ताटलीत थेंब टाकले आणि तिला भिंगाला डोळा लावायला सांगितलं. केसासारखे बारीक जंत, जोडीजोडीने. यांच्यातला नर मादीला जन्मभर कुशीत धरून असतो. गुलनारबीच्या नवऱ्याला ते जमलं नव्हतं. तो मोर्शीला दुसरं घर करून होता.

"जळून राहिले का?"

"आखडून राहिले. वरची कातडी फुगली, फोड आले, दिसते? ते कातडीच त्याईची लबाडी. बकरीच्याच रक्तातलं अंगावर पांघरतात. रक्ताले वाटते, घरचेच हायेत."

"घरचे," गुलनारबी म्हणाली. "सोला हरामखोराईले."

ती स्टुलावरून हलली नाही. चहा आला, तो तिने तसाच निवू दिला. औषध चोख होतं, कातडी फाटत होती. जंत मात्र वळवळतच होते.

"मरून काहून नाही राहिले?"

"औषध कातडी फाडते. मग रक्त त्याईले ओळखते, अन् संपवते. पुढचं काम बकरीचं."

"शहजादीचं?"

पलीकडच्या चिरफाडीच्या खोलीत खराट्याने फरशी धुणं चाललं होतं.

"याईले हात लावू?"

"नियमात नाही," असं म्हणून डॉक्टर हातमोजे टाकायला खिडकीकडे गेले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

गुलनारबीने बाही वर केली. एका जोडीवर अंगठा ठेवला आणि सारं वजन टाकून दाबला. अंगठ्याखाली काहीच लागलं नाही. तिने तो उचलून उजेडात धरला, नीट पाहिला आणि पुन्हा दाबला.