निळी बाटली
माउथवॉशच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या यंत्रावर तो सव्वीस वर्षं होता. भेटेल त्याला गुळणी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला गुळणीमास्तर म्हणत. "लगेच थुंकायचं नाही. तीस आकडे होईपर्यंत तोंडात खेळवायचं!"

बायकोच्या घशात गाठ निघाली. ती दवाखान्यात दाखल झाली, रेडिएशन सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आतून सोलवटून निघालं. डॉक्टर म्हणाले, तोंड स्वच्छ ठेवा. इतके दिवस हात चोळत बसलेल्या मास्तरला अखेर काहीतरी करण्याजोगं सापडलं. त्यानं कारखान्यातली सगळ्यात कडक, निळी बाटली आणली. सकाळ-संध्याकाळ झाकणभर ओतायचा आणि खाटेशी उभा राहून आकडे मोजायचा. ती मुठी आवळून तिसापर्यंत कळ काढायची. डोळ्यांना धार लागायची.

"शाब्बास!" तो हसून म्हणायचा.

नवव्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली.

"अहो काका, यात अल्कोहोल आहे! असल्या तोंडात? आग आग झाली असेल त्यांची."

मास्तर जागच्या जागी थिजला. सिस्टर गेल्यावर तो बायकोजवळ बसला.

"बोलली का नाहीस गं?"

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "अहो... किती दिवसांनी तुम्ही हसत होतात."

डॉक्टरांनी बिनअल्कोहोलचं क्लोरहेक्सिडिन नावाचं औषध लिहून दिलं. सिस्टरनी ते पातळ करून कापसाच्या बोळ्यानं कसं फिरवायचं ते दाखवलं. तो ते जिवापाड जपून करायचा. तरी बोळा टेकला की ती खांदे आक्रसून घ्यायची, आणि तो हात मागे घ्यायचा. पुढे औषधानं दातांवर तपकिरी डाग पडले. आरशात बघून ती म्हणाली, "चहा सुटला, तरी रंग चढलाच की!" दोघं हसले. मग तो व्हरांड्यात जाऊन रडून आला.

महिन्याभरानं तिला ताप चढला, तो उतरलाच नाही. एका सकाळी तिचा श्वास थांबला. सिस्टर नळ्या काढत होत्या. मास्तरनं बोळा भिजवला.

"काका, आता नको," त्या हळूच म्हणाल्या.

"असू द्या."

त्यानं तिचे ओठ पुसले, हिरड्या पुसल्या, एकेक दात पुसला. तिनं अंग चोरलं नाही. तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला.