एक्क्याण्णव दात्यांचं चाक

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या कारखान्यात कोणीही सांगेल. त्या दिवशी तो हातात उतरला आणि मी माझ्या मेहुण्याला बडव बडव बडवला. आधी तो माझा दोस्त, मग मीच त्याला माझी धाकटी बहीण दिलेली.

झालं असं की सकाळी दहाच्या सुमाराला दगड फोडायच्या मशीनचा मोठा गिअर फुटला. एक दाता मुळासकट उडाला, पत्र्याचं कव्हर फाडून बाहेर आला आणि मेहुण्याच्या कानापासून वीतभर अंतरावर भिंतीत रुतला. मशीन तोच चालवत होता. मालक धावत आला, भिंतीतलं लोखंड बघितलं आणि म्हणाला, "ज्याची चूक, तो संध्याकाळी घरी. कायमचा."

चूक दोघांपैकी एकाची असणार होती. गिअरचे दाते पाडले होते मी, मशीन चालवलं होतं त्याने.

गिअरची जोडी पाडण्याआधी मी दोन्हींच्या दात्यांचा मसावि काढतो. दोन्ही आकड्यांचे मूळ अवयव खडूने भिंतीवर लिहायचे, म्हणजे ज्यांची आणखी फोड होत नाही असे तुकडे. दोन्हीकडे सारखे असतील त्यांना गोल करायचा आणि त्यांचा गुणाकार करायचा. एकही सारखा नसेल तर मसावि एक, आणि एक आला की जोडी पक्की. मग लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. मसावि मोठा निघाला तर तेच ते दाते पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात, आणि त्यात एखादा खराब असला तर ठरावीक दात्यांनाच मार बसतो. हे पुराण मी नव्या माणसांना इतक्यांदा ऐकवलंय की मी दिसलो की ते कामात असल्याचं सोंग घेतात.

या जोडीचा हिशेब भिंतीवर तसाच होता. अठ्ठावीस म्हणजे दोन, दोन, सात. एक्क्याण्णव म्हणजे एक्क्याण्णवच. मसावि एक. खाली ऐटीत दोन रेघा.

"ती भिंत बघ!" मी ओरडलो. "माझ्या जोडीत खोट नाही. तूच ग्रीस न घालता पळवलंस."

"अरे, ऐक तरी. लहान गिअरच्या एका दात्याचा टवका उडालाय, खडा अडकून. मी तुला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं."

"कधी?"

"जेवायच्या सुट्टीत. तू म्हणालास, माझ्या जोडीत एका दात्याने काही बिघडत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. पहिली थप्पड बसली तेव्हा त्याची पाठ फाटक्या कव्हरवर आदळली. दुसऱ्या ठोशाला ओठ फुटला. "दर सातवा," तो रक्त गिळत म्हणत होता, "मोठ्याचा दर सातवा दाता झिजलाय. मोज ना." चोराच्या उलट्या बोंबा, असं मला वाटलं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला, तर कॉलर धरून सरळ केला आणि नाकावर मारला. रक्त माझ्या शर्टावर उडालं आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्याने एकदाही हात उगारला नाही. मी त्याचा उजवा हात धरून पाठीमागे पिरगळला, "बोल, माझीच चूक," असं दरडावत राहिलो, आणि तो बोलायच्या आत हाड कटकन मोडलं. मग वेल्डरने मला मागून कवळ्यात धरून बाजूला ओढलं.

मेहुण्याला दवाखान्यात नेलं. मालक म्हणाला, त्याला सांगा, परत येऊ नको. मी तोंड धुतलं आणि नव्या चाकाचं माप घ्यायला फुटका गिअर खाली उतरवला.

फडक्याने ग्रीस पुसत होतो. एक दाता झिजलेला, मग सहा धड. पुन्हा एक झिजलेला, पुन्हा सहा धड. मी खडू घेऊन खुणा करत गेलो. उडालेला धरून तेरा खुणा झाल्या. तेरा साते एक्क्याण्णव, हा पाढा मी लहानपणी मार खाऊन पाठ केला होता. भिंतीवर हिशेब करताना मी दोनाने भाग देऊन बघितला, तिनाने बघितला, पाचाने बघितला आणि कंटाळलो. साताने बघितलंच नाही. आणि वरच्याच ओळीत, अठ्ठावीसच्या फोडीत, माझ्याच अक्षरात सात लिहिलेला होता. मसावि एक नव्हता, सात होता. टवका उडालेला तो दाता आठवडाभर त्याच तेरा जणांना ठोकत होता.



भिंतीवरचा हिशेब पुसून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. मी मालकाला भिंतीपाशी आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "मग घरी तू." मी हत्यारं तिथेच ठेवली आणि बहिणीकडे गेलो.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या थोबाडीत मारली. "दादा, हात मोडायच्या आधी मोजायला काय झालं होतं तुला?"

"अजून मार," मी म्हणालो.

"मी तुझ्यासारखी नाही," ती म्हणाली आणि दार लावलं.

मेहुणा प्लास्टर निघाल्यावर कामावर परत गेला. तीन महिन्यांनी त्यानेच मला जेवायला बोलावलं. म्हणाला, "झालं गेलं ते सोड रे, तुझं बोलणं मनाला लावून घेतलं तर जगायचं कधी?" मला इतकं हलकं वाटलं की मी दोनदा भात मागून घेतला. आम्ही जुन्या गोष्टींवर हसत होतो. स्वयंपाकघरात उकडत होतं, म्हणून मी कपाळाचा घाम पुसायला हात वर केला.

मेहुण्याने झटकन मान खाली घातली आणि कोपर चेहऱ्यासमोर आणलं. लगेच हसला, कोपर खाली घेतलं, म्हणाला, "तेव्हापासून सवयच लागलीये."

 बहिणीने माझं ताट उचललं आणि त्याच्या शेजारून काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं.