झाकण धाकटीकडे

विद्यार्थिनीने मान डावीकडे वळवली आणि धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं थोरल्या जाऊबाईंच्या कानावर घातलं.

‘त्या म्हणतात, झाकण मिळणार नाही.’

‘ऐकू आलं मला. बहिरी नाही मी,’ थोरली म्हणाली. ‘तिला सांगा, झाकणाशिवाय कुकर म्हणजे नुसतं पातेलं.’

विद्यार्थिनीने मान उजवीकडे वळवली. दोघींच्या मध्ये फरशीवर खडूची एक रेघ होती आणि रेघेवर तिची खुर्ची. खुर्चीचे दोन पाय थोरलीच्या हद्दीत, दोन धाकटीच्या.

‘त्या म्हणतात, झाकणाशिवाय…’

‘पातेलं ना? मग पातेल्यातच शिजवा म्हणावं.’

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते गेले, मुलं लांबच्या शहरांत गेली आणि या दोन खोल्यांत दोन जावा उरल्या. वाटणीत कुकर थोरलीकडे आला, झाकण धाकटीकडे. तेव्हापासून दोघींतून विस्तव जात नव्हता, आणि कुकरखालूनही. समाजसेवा केंद्राने हे भांडण विद्यार्थिनीकडे सोपवलं होतं. वर्गात शिकलेलं खऱ्या माणसांवर वापरून बघायचं, याला कॉलेजात क्षेत्रकार्य म्हणत. दर बुधवारी ती इथे यायची आणि काय घडलं ते केंद्रातल्या मॅडमना सांगायची. मॅडम तिच्या पर्यवेक्षक. सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही आणि शांतता पसरली तर तिला घाबरायचं नाही, हे मॅडमनी तिला शिकवलं होतं. विद्यार्थिनीला अलीकडे शांतता आवडूच लागली होती. तेवढाच मानेला आराम.

पुढच्या बुधवारी मॅडम स्वतः बघायला येणार होत्या. जावा एकमेकींशी एक वाक्य जरी थेट बोलल्या, तरी विद्यार्थिनी पास. नाहीतर वर्ष पुन्हा.

निघायच्या घाईत त्या दिवशी तिचं ओळखपत्र तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावरच्या रखवालदाराने तिला अडवलं. तो तिला पहिल्या वर्षापासून रोज बघत होता. पण ओळखपत्राशिवाय काही त्याला तिची ओळख पटेना. ती आल्या पावली जावांच्या घराकडे निघाली.

जिना चढत असताना वरून कुकरची शिट्टी झाली.

शेजाऱ्यांची असेल, असं म्हणायला या जिन्याला वर दुसरं दार नव्हतं. ती थांबली. पुन्हा शिट्टी झाली.

‘अक्का, गॅस बंद करा, गाळ होईल त्याचा!’ हा आवाज धाकटीचा.

‘माझे हात भरलेत गं. तूच कर.’

‘आणि बुधवारी रडायचं कुणी? गेल्या वर्षी मी रडले. यंदा तुमची पाळी.’

‘मला नाही बाई जमत. मला मधेच हसू फुटतं.’

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर ती जिन्यात होती. म्हणून ती पायरीवर बसली. तिथेच ती कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आलेल्या धाकटीला सापडली.

‘आज बुधवार आहे?’ धाकटीने विचारलं.

‘गुरुवार.’

‘मग?’ धाकटी अशा सुरात म्हणाली, की विद्यार्थिनीने माफी मागितली.

आत रेघ पुसलेली होती. ओट्यावर कुकर होता आणि कुकरवर झाकण. विद्यार्थिनी त्या झाकणाकडे मेलेला माणूस चहा पिताना दिसावा तशी बघत राहिली.

‘तुम्ही बोलता,’ ती म्हणाली.

‘ही ना? झोपेतसुद्धा,’ थोरली म्हणाली. ‘बस. तोंड मिट आधी.’

‘बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही केंद्रात गेलो होतो,’ धाकटी खाली बसत म्हणाली. ‘म्हटलं, दिवसचे दिवस आमचं दार वाजत नाही. कुणी येऊन घटकाभर बसेल का? खिडकीवर एक पोरगेली बाई होती. बिचारीने सगळी कपाटं उघडून पाहिली. म्हणाली, एकटेपणासाठी आमच्याकडे काही नाही. भांडणासाठी आहे. भांडण आहे का घरात?’

‘आम्ही म्हटलं, छे! पाठच्या बहिणींसारख्या राहतो.’

‘ती म्हणाली, नीट आठवून बघा.’

‘मग?’

‘मग काय, बाहेर बाकावर बसून आठवलं,’ थोरली म्हणाली. ‘कुकर हिला सुचला. झाकण मला.’

दोघी हसल्या. विद्यार्थिनी हसली नाही, तशा त्याही थांबल्या.

‘पण माझा निकाल…’

‘ती काळजी सोड. पास आम्ही सगळ्यांनाच करतो. प्रत्येकाला जाताना एक वाक्य देतो. एक मुलगा फारच रडवेला होता, त्याला दोन दिली.’ थोरलीने पदराने झाकणाची कड पुसली. ती स्वच्छच होती. ‘पुरता समेट तेवढा नको. मिटलं म्हणून सांगितलंस, तर बुधवारी कोण येणार?’

ओळखपत्र दारामागच्या खुंटीला होतं. त्याच खुंटीला एक छत्री होती, एक मफलर, तुटक्या बंदाची एक पिशवी.

‘हे कुणाचं?’

‘तुझ्या आधीच्यांचं,’ धाकटी म्हणाली. ‘नेतील येऊन कधीतरी.’

बुधवारी रेघ नेहमीपेक्षा जाड होती. पाहुण्यांसाठी असेल. मॅडम दाराजवळ बसल्या. विद्यार्थिनीने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. झाकण मिळणार नव्हतं. पातेल्यात शिजवा म्हणावं. मग पाळीप्रमाणे थोरली रडू लागली.

विद्यार्थिनी तिचं हसू फुटायची वाट बघत होती. ते फुटलं नाही. थोरली तिच्याकडे बघत होती आणि रडणं थांबत नव्हतं. हनुवटी थरथरत होती, नाक लाल झालं होतं. असलं काही ठरलेलं नसावं, कारण धाकटी घाबरून उठली आणि रेघ तुडवत पलीकडे गेली.

‘अक्का, पुरे. अक्का! अहो, नाही सांगणार ती.’

खोलीत शांतता पसरली. विद्यार्थिनीला तिची भीती वाटली. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर भिंत होती.

जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, ‘चांगलं झालं. थेट बोलल्या. रेघही ओलांडली.’

मॅडमनी विद्यार्थिनीला अजून एक गोष्ट शिकवली होती: पर्यवेक्षकापासून काही लपवायचं नाही.

‘मॅडम, त्यांच्यात भांडण नाहीये.’

मॅडम थांबल्या.

‘नाही?’

‘नाही. कधीच नव्हतं.’

मॅडमनी पर्सची चेन उघडली, काहीच न काढता बंद केली.

‘नीट आठवून बघ,’ त्या म्हणाल्या.

विद्यार्थिनी कठडा धरून उभी राहिली. मान वळवायला या वेळी डावीकडे कुणी नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. समोर फक्त मॅडम होत्या, पिकू लागलेल्या केसांच्या, आणि त्या शांततेला घाबरत नव्हत्या.

‘झाकणावरून आहे,’ शेवटी ती म्हणाली. ‘फार जुनं. माझ्याच्याने एका वर्षात मिटण्यासारखं नव्हतं.’

‘बरं. पुढच्या मुलीला तसं सांगू.’

वर शिट्टी झाली. दोघींनीही मान वर केली नाही.