सुट्टीचा सत्कार

“सत्कार बाराच्या आत उरक गो,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. म्हातारीला भूक लागत असेल, असं समजून मी ते कानाआड केलं.

पूर्वी इथेच कामाला असलेल्या सखूआत्यांनी तीस वर्षांपूर्वी संप करून पालीजवळच्या आमच्या आंब्याच्या बागांत राबणाऱ्या बायकांना दुपारी बारा ते एक सुट्टी मिळवून दिली. त्याबद्दल बागेतच कार्यक्रम ठेवला होता. बाळाला कडेवर घेऊन मी हार, खुर्च्या, पाहुणे, सगळ्यांवर डोळा ठेवून होते. भाषणं लांबली. सव्वाबाराला मी शाल पुढे केली, तर आत्यांनी ती हातानेच थांबवली.

“सरबत वाटतेय ती कोण गो?”

“साबेरा. बागेत कामाला येते.”

“मग तिची सुट्टी?”

मी घड्याळात पाहिलं.

“माझ्या सुट्टीचा सत्कार, आणि सुट्टीच रद्द! कॉलेजात हेच शिकलीस काय गो बाय?”

सगळे हसले, मीही. साबेराने सावलीत बसून डबा उघडला, तेव्हाच आत्यांनी शाल घेतली आणि बाळालाही. उरलेलं सरबत मी वाटलं.

तुमच्याकडे आज काही कार्य असेल, तर मागच्या पडवीत भांडी घासणारी जेवली का, तेवढं बघून याल?