बाळचं बाकडं

निवृत्त हेडमास्तरांनी बाळला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं, ते फक्त लस टोचायला. बाळ म्हणजे साठ किलोंचा मॅस्टिफ जातीचा कुत्रा. आत येताच तो तिथल्या एकुलत्या एका बाकड्यावर चढून ऐसपैस पसरला.

“मोठी जात आहे. माणसांच्या अंगावर जातो का?” बाईंनी विचारलं.

मास्तर दुखावले. “छे, लोक उगाच बदनाम करतात. घरात अगदी गरीब गाय आहे. फक्त सोफ्यावर कोणी बसलेलं त्याला खपत नाही. गुरगुरतो जरा.”

“मग तुम्ही काय करता?”

“आम्ही खाली बसतो. दोन वर्षं झाली. गुडघ्यांना तेवढाच व्यायाम.”

“दरवेळी तुम्ही असेच उठलात, तर उद्या तो चावूनही बघेल,” बाई सिरिंज भरत म्हणाल्या. “असा हट्ट छोटी कुत्रीही करतात, पण याचे दात बघा. बिस्किट दाखवून खाली उतरवा आणि तुम्ही बसा.”

मास्तरांनी खाकरून बिस्किट पुढे केलं. बाळने ते जागेवरूनच मटकावलं, ओठ जरासा उचलला आणि पाय आणखी लांब केले.

तीस वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं करणारे मास्तर भिंतीला टेकले.

“राहू द्या, बाई,” ते म्हणाले. “मास्तरकीत उभं राहायची सवय झालीय.”