दोरीआडचं बाकडं

मित्रांनो, मी एक जुनं बाकडं आहे. मला डोकं नाही, तरी ते सध्या फिरलेलं आहे. लोक मला बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. बसत कुणीच नाही. बाकड्याचा याहून मोठा अपमान तो कोणता?

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला ठोकून काढलं आणि लहान गावातल्या एका नव्या वकिलाच्या दारात आणून ठेवलं. खटला घेऊन आलेली माणसं माझ्यावर बसत. वकिलाची एक रीत होती. तो कुणाचंही म्हणणं टेबलापलीकडून ऐकत नसे. बाहेर येऊन माझ्यावरच, त्या माणसाच्या शेजारी बसे. टेबल मध्ये आलं की माणूस खोटं बोलतो, असं तो म्हणायचा. दोन्हीकडचा माणूस, हे माझं मत.

एकदा इस्त्रीवाली मावशी रडत आली. घरमालक तिला खोलीतून हाकलत होता. वकील दुपारभर तिच्याशेजारी बसला आणि पुढे कोर्टात भांडून त्याने तिची खोली वाचवली. मावशीचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिला बाहेर काढता येणार नाही, असं त्याने न्यायाधीशांकडून वदवून घेतलं. तेव्हापासून त्याचा काळा कोट तिच्याच इस्त्रीखालून जाऊ लागला.

मग लोकांनीच त्याला निवडणुकीला उभं केलं. प्रचारात मलाही टेम्पोत घालून गल्लोगल्ली मिरवलं. हा माणूस आपल्या शेजारी बसतो, एवढ्यावर तो निवडून आला. वकिलाचा खासदार झाला, खासदाराचा साहेब झाला. मीही शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

राजधानीतल्या बंगल्यात मला पॉलिश केलं, पितळी पाटी ठोकली आणि भोवती लाल दोरी बांधली. एवढ्यात नवा कायदा आला. भाडेकरूला काढायला आता कोर्टाची गरज नाही, मालकाची नोटीस पुरे. त्याच्या बाजूने साहेबांनीच भाषण ठोकलं. त्या भाषणाची तालीम त्यांनी माझ्यासमोर केली, फेऱ्या मारत, एकदाही न टेकता. माझा नुसता जळफळाट झाला.

गेल्या महिन्यात मावशी आली. केस पिकलेले, हातात पिशवी, पिशवीत नोटीस. कायदा कुणामुळे आला, हे तिच्या गावीही नव्हतं. मला बघताच तिने दोरी उचलली आणि बसली. किती वर्षांनी माझ्यावर वजन पडलं! शिपाई तिला उठवायला धावला, तेवढ्यात साहेब जिन्यावरून उतरले. त्यांनी तिला ओळखलं. उभ्या उभ्याच म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा, माझ्या हातात काही नाही, सेक्रेटरीला भेटा.

मावशीने शेजारची जागा हाताने पुसली.

"वकीलदादा, हेच इथं बसून सांगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मीटिंग आहे म्हणाले आणि निघून गेले. भित्रा कुठला! मावशी उठली. दोरी तिने स्वतःच पुन्हा नीट लावली. तिची खोली गेली, असं परवा शिपाई ड्रायव्हरला दबक्या आवाजात सांगत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, असं तुम्हाला शिकवतात. मला मात्र जपू नका. कधी इथे आलात, तर शिपायाला न विचारता खुशाल बसा. फक्त शेजारची जागा रिकामी ठेवा. जिना उतरताना ती त्याला दिसली पाहिजे.